अडीच गुंठ्यांतला पास्ता

पहिल्यांदा केला तेव्हा त्याचं सूप झालं.

वरून बघितलं तर सगळं ठीक होतं. चीज वितळून सोनेरी झालेलं, कडेला बुडबुडे, इन्स्टाग्रामवर टाकण्याजोगं. मी फोटो टाकलाही. मग डाव घातला आणि पावसाळ्यात सैल फरशीवर पाय पडला की खालून जसं पाणी उसळतं, तसं टोमॅटोचं पाणी वर आलं. त्यात फुगून मेणचट झालेली पेने, कच्चट वांगी आणि तरंगणारा पालक. आई म्हणाली, "रस्सा चांगला झालाय." ती टोमणा मारत नव्हती, तिने खरंच तो वाटीत घेऊन चपातीशी खाल्ला. बाबांनी दोन घास घेतले, ताटली तिरकी केली, एका बाजूला जमलेलं पाणी बघितलं आणि विचारलं,

"हे पाणी तू घातलंस?"

"नाही."

"मग आलं कुठून?"

ही दिवाळीतली गोष्ट. तेव्हा मला वाटलं, खवचटपणा करतायत. पण तो प्रश्न त्यांच्या नोकरीतला होता.

बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नीरा उजवा कालवा आमच्या फलटण तालुक्यातून पुढे माळशिरसकडे जातो. त्याच्या चाऱ्यांवर ३१ वर्षं त्यांनी सायकल, मग लूना, मग स्प्लेंडर फिरवली. पाळी कुणाची, किती तास, कुठलं दार किती उघडायचं, नमुना नंबर सात भरलाय का, टेलला पाणी पोचलं का. वर कालव्यात सोडलेलं पाणी आणि खाली शेतात पोचलेलं पाणी यांचा मेळ लागला नाही, की मधे कुठेतरी काहीतरी झालंय हे त्यांना कळायचं. कुणी रात्री दार उचललंय, कुठे भगदाड पडलंय, कुठे नुसतंच झिरपतंय. जेवणाच्या ताटलीत बेहिशेबी पाणी दिसल्यावर हा माणूस दुसरं काय विचारणार?

दुसऱ्यांच्या शेतांना पाणी देण्यात त्यांचं आयुष्य गेलं, स्वतःचं शेत मात्र नाही. आजोबा दुसऱ्यांच्या उसात राबायचे. आमच्या नावावर आहे तो घरामागचा अडीच गुंठ्यांचा एन. ए. प्लॉट. तो बाबांनी २००१ साली प्रॉव्हिडंट फंडातून उचल काढून घेतला. त्यावर 'मोठं घर' बांधायचं होतं. आधी माझं इंजिनिअरिंग आलं, मग ताईचं लग्न, आणि मोठं घर राहून गेलं. २०१९ ला निवृत्त झाल्यावर बाबांनी तिथे वाफे पाडले. तेव्हापासून आमच्याकडे भाजी विकत येत नाही. मीठ, तेल आणि बटाटे सोडले तर आई बाजारात फक्त गप्पा मारायला जाते.

आता अडीच गुंठे म्हणजे किती, हे पुण्यात वाढलेल्या वाचकांसाठी: एक गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे एकूण सत्तावीसशेच्या वर. मी पुण्यात जो फ्लॅट घेतोय त्याचा कार्पेट एरिया ६९० आहे.

हा फ्लॅट मधे आलाच आहे तर सांगून टाकतो. किंमत ७२ लाख. बँक ८० टक्के देते, म्हणजे स्वतःचे १४ लाख ४० हजार. त्यावर ७ टक्के स्टँप ड्यूटी, ५ लाख ४ हजार. नोंदणीचे ३० हजार. माझ्याकडे सहा वर्षांच्या नोकरीतून साठलेले ९ लाख. मी नोव्हेंबरात एक्सेल शीट केली, आणि तिच्यात 'तूट' नावाच्या लाल चौकोनात १० लाख ७४ हजार आले. कर्जाचा हप्ता वीस वर्षं, महिन्याला ५० हजारांच्या आसपास. हे सगळं अशा क्षेत्रात, जिथे आमच्याच मजल्यावरच्या दोन रांगा गेल्या वर्षी एका मंगळवारी रिकाम्या झाल्या. पण भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरलेला बरा, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

शीट मी बाबांना मुद्दाम दाखवली नव्हती. लॅपटॉप उघडा होता, ते चहा घेऊन आले आणि उभ्या उभ्या वाचली. आकड्यांचा तक्ता दिसला की ते वाचतातच. म्हणाले, "मागचा प्लॉट काढू."

मी "नको नको" म्हणालो. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

जानेवारीत इसार झाला. घेणारं जोडपं आमच्याच गावातलं, दोघंही शिक्षक, माणसं चांगली. पाडव्याला ऑफिस बंद, म्हणून खरेदीखताची तारीख २५ मार्च ठरली.

तर फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी मी फलटणला गेलो तो पास्ता सुधारायला. खरं तर दिवाळीनंतर पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटवर मंडईची भाजी आणून मी तो तीनदा केला होता आणि तीनही वेळा बरा झाला होता. पुण्यात जमतं आणि फलटणला सूप होतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसेना. कोड माझ्या मशीनवर चालतो आणि तुमच्या मशीनवर चालत नाही, तेव्हा फरक कोडमध्ये नसतो, मशीनमध्ये असतो, एवढं सहा वर्षांत शिकलोय.

फरक भाजीत होता. मंडईतला टोमॅटो लांबट, जाड सालीचा, क्रेटमधून ट्रकने प्रवास करण्यासाठीच निवडलेला. आत गर घट्ट, रस कमी. बाबांचे टोमॅटो गोल, पातळ सालीचे, देशी. आई त्यांना अजून तंबाटी म्हणते. हातात घेतले तर अंगठा रुततो. वांगी सकाळी काढलेली, तजेलदार. पालक इतका कोवळा की देठ मोडताना टचकन आवाज येतो. ताजी भाजी म्हणजे पाण्याने गच्च भरलेली भाजी. शिळी भाजी आपलं पाणी वाटेतच सोडून आलेली असते. पाककृती लिहिणाऱ्यांनी बहुतेक दुकानातली भाजी समोर ठेवून लिहिलेलं असतं, आणि तेच माप परसातल्या भाजीला लावलं की सूप होतं.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते टोमॅटोच्या आळ्याशी उकिडवे बसले होते. "मग आधी हिशोब कर की," म्हणाले.

केला. टोमॅटो एक किलो, शंभरात ९४ भाग पाणी. वांगी ४०० ग्रॅम, शंभरात ९२. दोन ढोबळी मिरच्या २५० ग्रॅम, त्याही तेवढ्याच. दोन कांदे २०० ग्रॅम, त्यांच्यात जरा कमी. बाबांनी जुन्या डायरीच्या पाठकोऱ्या पानावर मांडणी केली आणि खाली रेघ मारून लिहिलं: १ लिटर ७०० मिली. पालक वेगळा धरला. दिवाळीत मी ही सगळी भाजी कच्चीच चिरून, पूर्ण शिजलेल्या पास्त्यात मिसळून, वर चीजचं झाकण लावून भट्टीत घातली होती. म्हणजे पावणेदोन लिटर पाणी आत कोंडलं आणि ते पिणारं कुणी ठेवलंच नाही.

"आणि हा पास्ता किती पितो?" बाबांनी विचारलं.

यावर आम्ही प्रयोग केला. पाकिटातला पास्ता ३०० ग्रॅम. पाकिटावर ११ मिनिटं शिजवा असं लिहिलेलं. पूर्ण शिजवला तर त्याचं वजन सव्वादोन पट होतं, हे मला पुण्यातल्या प्रयोगांतून माहीत होतं. या वेळी ६ मिनिटांनीच काढला, निथळून आईच्या काट्यावर ठेवला. ५०० ग्रॅम. म्हणजे त्याची अजून दीडेकशे मिलीची तहान शिल्लक होती. ही तहान शिल्लक ठेवणं हीच बेक्ड पास्त्यातली मेख आहे. अर्धवट शिजलेला पास्ता भट्टीत गेल्यावर भाजीचा रस ओढून घेतो, त्याला आतून चव येते, आणि मऊ पडायच्या आत तो भट्टीतून बाहेर येतो. पूर्ण शिजवून घातलात तर तो आधीच नळाच्या पाण्याने पोट भरून बसलेला असतो.

पास्ता उकळायला मी आधी मोठं पातेलं भरून चार लिटर पाणी घेतलं होतं. बाबांनी त्यातलं निम्म्याहून जास्त काढून बादलीत ओतलं. ३०० ग्रॅमला दीड लिटर पुरतं, फक्त पहिली दोन मिनिटं ढवळत राहायचं, नाहीतर नळ्या एकमेकींना चिकटतात. उरलेलं पाणी मी वाफ्यात ओतायला निघालो. "वाया जायला नको," असं म्हणतही होतो. बाबा अक्षरशः ओरडले. त्यात दीड चमचा मीठ होतं. नीरेच्या कालव्यांखाली पाणी जास्त झालेल्या जमिनी क्षारपड होताना त्यांनी डोळ्यांनी बघितल्या आहेत. पांढरी फुली वर येते आणि मग तिथे ऊससुद्धा नीट उगवत नाही. ते पाणी मोरीत गेलं. त्यातलं एक वाटी मात्र ठेवा, रस दाट करायला लागतं.

एवढा आरडाओरडा महिन्याभराने दुसऱ्याच्या होणाऱ्या मातीसाठी होता, हे माझ्या रात्री लक्षात आलं.

आता भाजी. भाजीतलं पाणी आधी बाहेर काढायचं, आणि त्याला उत्तम मार्ग म्हणजे भाजणं. टोमॅटो अर्धे करून, कापलेली बाजू वर ठेवून ट्रेमध्ये मांडले. वांग्याच्या इंचभर फोडी, ढोबळी मिरचीच्या रुंद पट्ट्या, कांद्याचे जाड काप. लसणाचा एक अख्खा गड्डा, सालीसकट. तीन चमचे शेंगदाणा तेल, मीठ. ऑलिव्ह ऑइल असेल तर घाला, नसेल तर त्याच्यासाठी अडून राहू नका. ताई बदली होऊन गेली तेव्हा तिचा २८ लिटरचा ओटीजी आमच्याकडे ठेवून गेली, त्यात २०० अंशांवर ३५ मिनिटं. भाजी दोन खेपांत भाजली, कारण एकावर एक ढीग केला तर ती भाजत नाही, आपल्याच वाफेवर उकडते. ही चूक सगळे करतात.

वांग्यांवरून आईशी वाद झाला. तिने सवयीने फोडी चिरल्या त्या थेट मिठाच्या पाण्यात टाकल्या, काळ्या पडू नयेत म्हणून. रस्साभाजीला ते बरोबर. पण वांगं स्पंजासारखं असतं, इथे त्याला पाणी पाजायचं नव्हतं. "काळी पडतील मग," ती म्हणाली. भट्टीत काळपट होणारच आहेत, मी म्हणालो. "मग आमची भरली वांगी काय पांढरी असतात?" ती म्हणाली. याचा वादाशी संबंध काय ते मला अजून कळलेलं नाही, पण ती जिंकली असं दोघांनाही वाटलं. फोडी निथळून फडक्यावर पुसून घेतल्या.

भाजी बाहेर आली तेव्हा बाबा काटा घेऊन तयार होते. आत गेली १ किलो ८५० ग्रॅम, बाहेर आली १ किलो ८० ग्रॅम. ७७० मिली पाणी हवेत गेलं. टोमॅटो आक्रसून कडेने काळसर झालेले, त्यांची साल चिमटीने सहज निघाली. लसूण दाबला की पेस्टसारखा बाहेर येत होता. टोमॅटो आणि लसूण पावभाजीच्या मॅशरने ठेचले, झाला सॉस. त्यात टोमॅटो प्युरी, केचप, साखर, काही लागलं नाही.

"म्हणजे अजून नऊशेच्या वर आहे," बाबा डायरीत बघत म्हणाले. "पास्ता पिणार दीडशे. उरलेलं?"

"ते भाजीतच राहिलं पाहिजे. नाहीतर कोरडं होईल."

"हं. टेलला पोचलं पाहिजे, पण साचलं नाही पाहिजे."

पालकाची जुडी कोरड्या कढईत मिनिटभर परतली, मुठीत दाबून पिळली. केवढी मोठी जुडी होती, लिंबाएवढा गोळा उरला.

मग सुगंधाचा प्रश्न. बेसिलचं रोप मी मागे पुण्यातल्या नर्सरीतून १२० रुपयांना आणलं होतं. ते माझ्या खिडकीत चौथ्या दिवशी मेलं. त्याचा फोटो तेव्हा बाबांना पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं होतं, "हा सब्जा आहे." मला वाटलं, चुकतायत. नंतर शोधलं तर खरंच, फालुद्यात पडतं ते सब्ज्याचं बी गोड बेसिलचंच, ऑसिमम बॅसिलिकम. आमच्या प्लॉटच्या कुंपणाला सब्जा तणासारखा वाढतो. इटालियन बेसिलपेक्षा त्याचा वास जरा उग्र, बडीशेपेकडे झुकणारा, म्हणून कमी घालायचा. आणि त्याच्या शेजारी मरवा. मरवा म्हणजे मार्जोरम, ओरेगॅनोची सख्खी बहीण. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या मी वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये साठवल्या, आणि ही बाई कुंपणाला उभी. मी चार काड्या तोडून आणल्या तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा होता. "अरे, तो गजऱ्यात घालतात!" जेवणात मरवा म्हणजे तिच्या लेखी आमटीत अत्तर. मग तिने एक पान चघळून बघितलं. काही बोलली नाही, पण नंतर मी बघत नाहीसं बघून आणखी दोन काड्या घातल्या.

आईचा खरा वाटा चीजमध्ये होता. इटलीत यात रिकोटा घालतात. 'रिकोटा' म्हणजे पुन्हा शिजवलेलं. चीज करून उरलेली निवळी पुन्हा तापवून तो काढतात. आमच्याकडे आईने लिटरभर दूध लिंबू पिळून फाडलं, फडक्यात गाळलं आणि न दाबता तसंच मऊसर ठेवलं. रिकोट्याची चव अगदी ती नाही, पण काम तेच करतो, मधे मधे पांढरे थंड घास. वरून फलटणच्या डेअरीत मिळालेलं १५० ग्रॅम मोझरेला. चौकोनी पुड्यांतलं प्रोसेस्ड चीज घातलंत तर चालेल, पण तारा यायच्या नाहीत. आणि सगळ्यांत वर बेकरीच्या टोस्टचा जाडसर चुरा, थोड्या तेलात चोळून. हा चुरा मला पास्त्याहून जास्त आवडतो.

सगळं एकत्र केलं. ओलसर दिसत होतं, ओघळत नव्हतं. वाटीभर राखून ठेवलेल्या पाण्यातलं अर्धं घातलं. ट्रे १९० अंशांवर २५ मिनिटं. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर ४० मिनिटं ठेवावं. शिजतं छान, वरून खरपूस होत नाही. पीजीवर राहताना मी असंच करायचो.

त्या २५ मिनिटांत बाबांनी पाकिटातली एक कच्ची नळी दाताखाली धरून फोडली. पिवळसर तुकडा उजेडात धरला. "बन्सी आहे," म्हणाले. पाकिटावर ड्युरम लिहिलं होतं. बन्सी म्हणजे ड्युरमच, ज्याच्या रव्याच्या शेवया होतात. आजी लग्नघरी गव्हले, नखुल्या, मालत्या वळायला जायची. रव्याच्या कणकेचा कण चिमटीत घेऊन नखावर दाबायचा, वळायचा, परातीत टाकायचा. दक्षिण इटलीत बायका दारात बसून अंगठ्याने कानाच्या आकाराचा पास्ता वळतात त्याचे व्हिडिओ मी यूट्यूबवर तासन् तास बघितलेत. आजीची बोटं मी कधी नीट बघितली नाहीत. ती २०१२ मध्ये गेली, मी तेव्हा शाळेत होतो आणि मला मॅगी आवडायची.

मी बाबांना आणखी एक गोष्ट सांगितली, जी रात्री वाचत बसलो असताना सापडली होती. अल-इद्रिसी नावाच्या भूगोलकाराने ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी पुस्तक लिहिलं. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचं वर्णन आहे. तिथे वाळवलेल्या शेवया मोठ्या प्रमाणावर बनवून जहाजांनी दूरदूर पाठवत. गावात बारमाही वाहतं पाणी होतं आणि त्यावर चालणाऱ्या गिरण्या होत्या, हेही त्याने नोंदवलंय. वांगं आपल्या बाजूचं, ते अरबांबरोबर तिकडे पोचलं. टोमॅटो अमेरिकेतून यायला आणखी चारशे वर्षं होती, आणि पास्त्याशी त्याची गाठ पडायला त्याहून दोन-अडीचशे. बाबांनी सगळं ऐकलं आणि एकच गोष्ट उचलली.

"पाणी बारमाही होतं ना. मग होणारच."

ट्रे बाहेर आला. लगेच कापायचा नाही, दहा मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे रस आत जिरतो. पुन्हा सूप नको असेल तर ही दहा मिनिटं फार महत्त्वाची आहेत. त्या दहा मिनिटांत बाबांनी फ्लॅटची चौकशी केली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"बाल्कनी केवढी आहे?"

"दहा बाय चार."

"ऊन कुठून येतं?"

मी फ्लॅटला दोनदा जाऊन आलोय. सँपल फ्लॅट होता, एसी लावलेला, पडदे ओढलेले. "पूर्वेकडून असेल," मी म्हणालो.

"आणि पाणी?"

"चोवीस तास आहे."

"चोवीस तास नळाला असतं. टाकीत कुठून येतं?"

मला कार्पेट एरिया, मेंटेनन्स, आयटी पार्कचं अंतर, सगळं पाठ होतं. हे माहीत नव्हतं. त्या भागातल्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर आहेत, हे मात्र ऑफिसातल्या गप्पांतून ऐकलं होतं. तसं सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. डाव उचलून त्यांनी ट्रेच्या कोपऱ्यात घातला, पहिला तुकडा वर काढला आणि खाली रिकाम्या जागेत वाकून बघितलं. कोपरा ओला होता. पाणी नव्हतं.

"आता जमलं," म्हणाले.

खरंच जमलं होतं. वांगी लोण्यासारखी, मिरची गोडसर, मधेच मरव्याचा वास. आईने अर्धा चमचा लाल तिखट वरून भुरभुरवलं आणि दोनदा घेतलं. या वेळी चपाती काढली नाही. बाबांना मीठ कमी वाटलं. ते बरोबर होतं, भाजताना घातलेलं पुरेल असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी चारच्या सुमाराला घेणारं जोडपं टेप घेऊन आलं. त्यांच्या आर्किटेक्टला मापं हवी होती. मी टेपचं एक टोक धरून कुंपणाशी उभा राहिलो. टेप वांग्यांच्या सरीतून गेली. सरांनी ती झाडांवर घासू नये म्हणून उचलून धरली, ते मी बघितलं. आईने त्यांना पास्ता दिला. बाईंनी कृती विचारली, मी सांगितली, त्यांनी फोनमध्ये लिहून घेतली. "एवढी वांगी आम्हाला कुठे मिळणार," त्या म्हणाल्या, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं गप्प झाल्या.

ते गेल्यावर मी प्लॉटवर गेलो. पालक काढल्यामुळे रिकामा झालेला वाफा बाबांनी दुपारी खणला होता. माती ओली होती, वरून बारीक भुरभुरवलेली.

"हे काय पेरलंत?"

"मेथी."

मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, "महिन्यात निघते. २५ तारखेच्या आत बसते."

रविवारी रात्री एसटीत बसल्यावर मी बिल्डरच्या माणसाला मेसेज केला. पाण्याचा स्रोत काय, टँकर किती, पालिकेचं कनेक्शन मंजूर आहे का. त्याने पाचच मिनिटांत ब्रोशर पाठवलं. पहिल्या पानावर स्विमिंग पूल. खाली नमस्काराचे हात. मी तो स्क्रीनशॉट बाबांना पाठवला. लोणंद गेलं तरी उत्तर नाही, मला वाटलं झोपले. शिरवळच्या अलीकडे मेसेज आला.

"शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. फ्लॅट किती, माणसं किती, टाकी किती लिटरची. विचार."

मी तसंच्या तसं पुढे पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. अजून उत्तर नाही.